पऱ्यावर थांबलेली पालखी

रत्नागिरीच्या अगदी टोकाला, पऱ्याच्या पलीकडे आमची वाडी. हा पऱ्या म्हणजे ओढाच, पण पावसाळ्यात भलती गुर्मी दाखवतो आणि शिमग्यापर्यंत कोरडाठाक होतो. त्याच्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, ओलांडली की पहिलं घर आमचं. शहराने आमची वाडी, वरचा कातळ आणि काही कलमांच्या बागा असं सगळं शेजारच्या छोट्या नगरपंचायतीकडे सोपवलं, तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. घंटागाडी उलट्या बाजूने येऊ लागली आणि तिचं गाणं बदललं, एवढाच काय तो फरक.

मी शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे नवा नकाशा समजावून सांगायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मीही हौसेने देवळाच्या पारावर तो पसरला आणि हद्द बरोबर मोरीच्या मधून कशी जाते ते पेन्सिलीने दाखवलं. ग्रामदेवीचे मानकरी, म्हणजे पालखी कुठे जायची ते ठरवणारे म्हातारबाबा, चष्मा पुसून पुसून बघत होते. मला वाटलं, काय हुशार विद्यार्थी आहे.

शिमगा जवळ आला आणि देवीची पालखी ज्या घरांत जाते त्यांच्या यादीत आमची वाडीच नव्हती. मी तडक मानकऱ्यांकडे गेले.

"दुसऱ्याच्या हद्दीत पालखी कशी घालायची, बाई? बरा दिसत नाय ता," ते म्हणाले. "आनि नकाशा तुमीच दाखवलात."

मग मी नव्या गावच्या मानकऱ्यांकडे गेले. त्यांनी कोकम सरबत दिलं, विचारपूस केली आणि म्हणाले, "तुमची देवी तिकडली. आमी आमची पालखी आनली तर तिला काय वाटंल?" एकमेकांचा मान राखण्यात दोन्ही गावं इतकी गुंतली होती की आमच्या अंगणात कोणीच येणार नव्हतं.

एरवी मी हसले असते. पण मुंबईला भावाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आईने देवीला शब्द दिला होता: माझ्या अंगणात येशील तेव्हा माझ्या हाताने तुझी ओटी भरीन. भाऊ बरा होऊन शिमग्याला घरी आलाही होता. "गाडीतून देवळात नेतो तुला," असं तो दहादा म्हणाला. आईचं एकच, "मी अंगणातली ओटी बोललेय." मला राग येत होता, तिचा नव्हे, माझ्या त्या पेन्सिलीचा.

पालखीच्या दिवशी आईने यादीबिदी काही ऐकून घेतलं नाही. अंगण सारवलं, रांगोळी काढली, सुपात साडी, खण, नारळ आणि तांदूळ ठेवले. दुपारी ढोल जवळ आले. पऱ्याच्या शहराकडच्या बाजूचं शेवटचं घर आटोपून पालखी मोरीपर्यंत आली आणि मधोमध थांबली. मानकऱ्यांनी तिथूनच आईला हात जोडले. आई सूप घेऊन अंगणाच्या कडेला उभी होती. ती खाली बसली नाही आणि पुढेही गेली नाही. ढोलवाल्यांचे हात आपोआप थांबले.

आमच्याकडे पालखी ओढ घेते. खूण म्हणून जमिनीत पुरलेला नारळ ती अशीच खांदेकऱ्यांना ओढत नेऊन शोधून काढते. एकदा तिने ओढ घेतली की तिला अडवायचं नाही, हा नियम मानकऱ्यांनाही लागू. पुढचे दोघे एकदम झुकले, पालखी डुलली आणि मोरी ओलांडून थेट आमच्या अंगणात आली. मागच्या दांड्यावर मानकऱ्यांचा हात होता. तो मागे ओढत होता की पुढे ढकलत होता, हे भूगोलाच्या बाईने सांगू नये.

"आमी नाय आलो, बाई. ती आली," ते धापा टाकत मला म्हणाले.

आईने ओटी भरली. आता ती भावाचं नाव घेऊन काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. तिने दांड्यावर कपाळ टेकलं आणि एखाद्या बहिणीशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "मला वाटला, वाडीबरोबर मला पन दिलंस देऊन."