पक्का रंग

भाऊची आणि माझी शेवटची भेट अतिदक्षता विभागातली. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. खाटेला लटकवलेल्या पिशवीकडे त्याने बोट केलं... आजचं मोजून लिहिलं का, असं विचारत होता. मी मान हलवली. त्याच दुपारी तो गेला. महिना होत आला आता.

मनोहर, माझा थोरला भाऊ, कामठीत तीस वर्षं सूत रंगवायचा. कोपरापर्यंत रंगात बुडालेला माणूस, पण पाहुणा आला की आधी हात घासघासून धुणार आणि मगच नमस्कार करणार. टापटिपीचं हे वेड आमच्या घरातलंच. मीही काही कमी नाही.

पित्ताशयात खडे झाले म्हणून त्याला नागपूरला आणलं. ऑपरेशननंतर पोटातल्या नळीतून पिशवीत पित्त येऊ लागलं. आत कुठेतरी गळती होती. "रोज किती येतं ते बघू, कमी झालं की नळी काढू," डॉक्टर म्हणाले. पिशवीला हात लावू नका, आम्हीच मोजून रिकामी करू, असं सिस्टरांनी बजावलंही होतं. पण सकाळी राउंडची चाहूल लागली की भाऊ कासावीस व्हायचा. "डॉक्टर येऊन राहिले वं! रिकामी कर ते पिशवी. घाण काय दाखवाची लोकायले?" आणि मी शहाणी, सगळं मगात घेऊन मोरीत धुऊन टाकायची. डॉक्टरांना दिसायचे चार थेंब. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

दोन दिवसांत ताप चढला, पोट दगडासारखं झालं. पित्त आतच साचलं होतं. पुन्हा नळी घातली, मग तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट. डॉक्टरांना मी सगळं सांगून टाकलं. "ताई, आम्ही तेच तर बघत होतो," एवढंच ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

भाऊलाही सांगितलं. "मीच सांगतलं होतं ना तुले? मंग काहून रडून राहिली?" त्याने पिशवी उजेडात धरायला लावली. "रंग पक्का हाय, पाह्य. आता थेंब न् थेंब लिहून ठेव." मी लिहीत राहिले. आकडा रोज उतरत होता, ताप उतरत नव्हता. जंतू रक्तात गेले होते...

नळीखाली अंथरलेल्या त्याच्या पंच्यावर हिरवट डाग पडलाय. परवा वहिनी तो साबणात भिजवायला निघाल्या. मी हातातून ओढूनच घेतला.

"राहू द्या वहिनी. धुवाचं नव्हतं, ते धुऊन बसली मी."