तीन मिलिमीटर आत

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती बावीस वर्षं काचा घासते आहे. वय सेहेचाळीस. स्वतःच म्हणते, "डोळे साठीचे, पाठ ऐंशीची." आता पुढच्या खोलीत, खुर्चीवर बसून, लोकांचे डोळे तपासायचं काम तिला हवं होतं. त्या अभ्यासक्रमाला बारावीचं भौतिकशास्त्र पास लागतं. दोनदा आपटली. ही शेवटची संधी. लेखी कसंबसं सुटलं, प्रकल्प तेवढा उरला होता.

नोकरदारांच्या रविवारच्या वर्गात बाकीच्यांनी आरसे, टॉर्च असलं काहीबाही आणलं. तिने पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण केली. पुढचं भिंग जेवणाच्या सुट्टीत, दुकानातल्या मशीनवर, स्वतः कापलं. घरी नवरा म्हणाला, "दुर्बीण कशाला? भांडी जवळच पडलीयत."

"उलटी धरून बघते. लांब जातील."

सरांनी दुर्बीण खिडकीबाहेर समोरच्या पाण्याच्या टाकीवर रोखली. बराच वेळ एक डोळा मिटून उभे राहिले.

"टाकी उलटी दिसते, ते बरोबर. पण कडेला का पळते? भिंग तिरपं बसवलंय तुम्ही."

"तिरपं? जन्म गेला सर काचा बसवण्यात."

"मावशी, टाकीच सरकली असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने डोळा लावला. पुढचं भिंग हळूहळू फिरवलं, तशी टाकीही गोल फिरू लागली. तिचा हात थांबला.

"हात्तिच्या. सवयीनं घात केला, सर."

"म्हणजे?"

"माणसाची बुबुळं फ्रेमच्या मधोमध नसतात, जरा नाकाकडे असतात. म्हणून चष्म्याच्या काचेचा मध्य आम्ही दोन-तीन मिलिमीटर आत घेतो. हिचाही घेतला मी. आता दुर्बिणीला कुठलं आलंय नाक?"

वर्ग खिदळला. सर नाही.

"तीन मिलिमीटरनं एवढं पळेल?"

"डोळ्याजवळचं भिंग सगळंच दहापट करतं ना. मग चूक कशी सोडेल?"

सरांनी वहीतली आकृती पाहिली. तिथे मध्य अगदी मधोमध होता. "स्पष्टीकरण उत्तम आहे. पण आकृती एक आणि वस्तू दुसरीच. नवं भिंग कापून पुढच्या रविवारी आणा, तीसपैकी पंचवीस देतो."

"आणि आहे तसं घेतलं तर?"

"बारा."

"पासाला किती?"

"अकरा."

पुन्हा खुणा करायच्या, मशीनपाशी वाकायचं, सहा दिवस डबा उभ्यानं खायचा. तिने खुर्ची ओढली आणि न विचारताच बसली.

"बाराच द्या, सर. आणि सही आत्ताच करा."