सात रस्त्यावरची टरफलं आणि आमचा दोर

"आई, तू काय बी कर, पण परत दोर वळायचा न्हाय," असं पोरगं फोनवर म्हणालं आणि त्याच घडीला मी ठरवलं, आता जायचंच. मला जे नको म्हणतात ते मी आधी बघून येते. लहानपणी चिंचेवर चढू नको म्हणाले तेव्हाही असंच झालं. पडले, पण चिंचा खाऊन पडले.

तर आधी आमचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव दुधनीच्या अलीकडं. आम्ही मातंग. पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणारे. अंबाडी ओढ्यात भिजवायची, सोलायची, धुवायची आणि मांडीवर वळायची. नायलॉनचा दोर आला, बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि आमचे हात रिकामे झाले. आता वस्तीतल्या बाया खुरपायला जातात, आणि उन्हाळ्यात खुरपायलाही काही नसतं. मग बसायचं एकमेकींच्या उवा बघत.

माझी नात प्राजू, ह्याच पोराची लेक, सोलापुरात कॉलेजात आहे. हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. तिनं मोबाईलवर दाखवलं की पंढरपूरच्या पलीकडं एका गावात बाया शहाळ्याच्या फेकलेल्या टरफलांपासून काथ्या काढतात आणि दोर, पायपुसणी करून विकतात. मी वस्तीत सांगितलं. बाया म्हणाल्या, "सोनामावशी, तुमी बघून या. तुमी व्हय म्हणला तर आमी सुरू करतो, न्हाय म्हणला तर इषय संपला." आता एवढं माझ्या डोक्यावर ठेवल्यावर घरी कशी बसणार मी?

संगतीला माझी जाऊ रकमा. तिला प्रवासात मळमळतं, म्हणून लिंबू घेतलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली. तुम्हीपण बांधा, बाहेरच्या खाण्यावर पैसे घालवू नका. दुधनी स्टेशनावर सकाळची गाडी धरली. शेजारी एक म्हातारी बसली होती, कपाळाला ठसठशीत इबूत. तिनं विचारलं, "एल्लिगे होंटीरि अव्वा?" कुठं निघालात म्हणून. मी म्हणाले पंढरपूर. तिनं तिथंच हात जोडले. मी गप्प बसले, उगाच पुण्य कशाला मोडा? पण रकमाला कुठं दम निघतोय! "दर्शनाला न्हाय ओ, टरफलं बघायला चाललोय." म्हातारीनं हात सोडले आणि खिडकीबाहेर बघत बसली.

सोलापुरात उतरलो की शेअर रिक्षा मिळते, सात रस्त्याच्या चौकात पटकन पोचवते. भाडं आधी ठरवा, म्हाताऱ्या बघून वाढवून सांगतात. तिथं शहाळ्याच्या गाड्याशेजारी टरफलांचा डोंगर लागलेला, त्यावर माशा. एरवी मी नाक धरून गेले असते. त्या दिवशी सोन्याच्या खाणीसमोर उभी राहावी तशी उभी राहिले. गाडेवाल्याला विचारलं, "बाबा, ही घिऊन गेलो तर चालंल का?"

तो आधी माझ्याकडं बघत राहिला, मग हसला. "लेके जाव अम्मा, सबीच लेके जाव. रोज फेकने को टेम्पो लगताय मेरेकू."

एक शहाळंही पाजलं त्यानं, पैसे नको म्हणाला. रकमा म्हणाली, "आक्का, धंद्याला माल फुकट आन वर पाणी बी फुकट. ह्यात कायतरी घोटाळा हाय."

मुक्काम बाळूकडं, म्हणजे माझ्या पोराकडं. तो तिथंच एका कापडाच्या दुकानात आहे. सून चांगली आहे, गरम गरम पिठलं केलं. बाळू मात्र ताटावर मान खाली घालून बसला. मी म्हणाले, "बोल की. पोटात ठिवून जेवण जिरत न्हाय."

मग बोलला. "आई, कारहुणवीला आण्णा घरोघर दोर द्यायला जायचे, मी बरुबर असायचो. अंगणात उभं ऱ्हायाचं. दोर हातात घेत न्हवते कोण. आण्णा खाली भुईवर ठेवायचे, मग ती माणसं उचलायची. आन ज्वारी वरनं सुपातनं वतायची, आण्णांनी पदर पसरल्यावानी धोतर धरायचं. म्या तवाच ठरवलं, आपल्या घरात परत दोर न्हाय."

कारहुणवी म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, बाकीचे बेंदूर म्हणतात; आणि आण्णा म्हणजे बाळूचा बाप, माझे मालक. बाळू खोटं बोलला नाही एक अक्षर. मी त्याच्या ताटात अजून पिठलं वाढलं आणि म्हणाले, "तुजं खरं हाय. तरी मी जाणार हाय." प्राजू पाण्याच्या तांब्याआड हसत होती.

दुसऱ्या दिवशी सोलापूर स्टँडवरून पंढरपूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा बायांनो घरी बसू नका. मोहोळच्या पुढं रकमाला मळमळलं, लिंबू कामाला आलं. पंढरपुरात उतरून विठोबाला लांबूनच हात केला, म्हटलं देवा, रांगेला वेळ नाही, कामाला चाललेय. तिथून पुढं वडाप. जीपमध्ये माणसं कोंबतात, त्यात माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. पण ड्रायव्हरनं अगदी शेडच्या दारात सोडलं.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, मागं नदीकाठचं पाणी अडवलेला खड्डा. जवळ गेले आणि पाय थबकले. तो वास! भिजलेल्या, कुजत आलेल्या सालीचा. लोक नाक मुरडतील. मला माझी सासू आठवली, ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून अंबाडी धुणारी. असल्या घाण वासात मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

शेड चालवते ती शालन. माहेर वेंगुर्ल्याकडचं, लग्न होऊन इकडं आली. तिच्या माहेरी काथ्या घरोघरी. इथं आली तर लोक शहाळी पिऊन सोडणं, म्हणजे टरफलं, फेकून देतात हे बघून तिचा जीव तुटायचा म्हणे. तिनं सगळं दाखवलं. टरफलं चिरून खड्ड्यात दाबायची, नरम पडली की लाकडी मोगरीनं बडवायची, भुसा झडला की धागा उन्हात पसरायचा. भुसाही वाया जात नाही, झाडं लावणारे नेतात. लपवाछपवी नाही केली बाईनं. म्हणाली, "शहाळ्याचो काथ्यो आखूड असता. बैल बांधूक जाऊ नकात. पायपुसणी करा, कुंड्यो टांगूचे दोर करा." आणि पाणी लागतं हे दहादा सांगितलं. तुम्ही कोण करणार असाल तर आधी पाण्याचं बघा, मग टरफलांचं.

जेवायला भात आणि आमटी. आमटीत शेंगदाण्याचं कूट नाही, ओला नारळ! रकमा माझ्या कानात म्हणाली, "ह्या बायेनं खोबरं बी सोडलं न्हाय, टरफाल बी सोडलं न्हाय." पण दोनदा वाढून घेतली.

दुपारी शालननं धागा पुढ्यात टाकला. त्या बाया तळहातांत वळतात. मी म्हणाले आमच्या पद्धतीनं बघू, आणि मांडीवर घेतला. किती वर्षांनी! पहिल्यांदा तुटला. काथ्या अंबाडीसारखा मऊ नाही, बोटं सोलतो. मग हातांना आठवलं. दोन पदर पडले, पीळ बसला, आणि हातभर लांबीचा दोर झाला. रकमा शेजारी वळत होती, तिचाही झाला. आम्ही दोघी उठलो आणि शालनच्या समोर गेलो.

आणि दोघींनीही दोर तिच्या पायापुढं, भुईवर ठेवला.

ठरवून नाही. हात आपोआप खाली गेले. शालन बघतच राहिली. "खाली कित्याक ठेवलंस गो? मातीत माखता. हातात दी!"

रकमानं माझ्याकडं बघितलं, मी रकमाकडं. रकमाच्या डोळ्यांत पाणी. मला मात्र राग आला, असा सरसरून की विचारू नका. माझ्या मालकाचा आला, माझा आला, त्या सुपांचा आला. मी वाकले, दोर उचलला, माती झटकली आणि शालनच्या हातात दिला. हातात म्हणजे हातावर हात टेकवून. तिनं ताणून बघितला, नखानं उकलून बघितला आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा घट्ट असा. भाव काय सांगतलंस?"

आता हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. दोराला भाव नसायचा, देतील ती ज्वारी. मी म्हणाले, "तू काय देतीस?"

"मी कित्याक सांगू? वळलो कोणी?" म्हणजे दोर वळला कोणी, त्यानंच भाव सांगायचा.

मी एक आकडा सांगितला. रकमानं चिमटा काढला, फार झाला म्हणून. शालननं मोजून दिला. मग रकमा म्हणते, "माजा बी तेवढ्यालाच!"

रात्री शेडशेजारच्या खोलीत झोपलो, सकाळच्या वडापनं परत निघालो. संगती शालननं दिलेलं काथ्याचं पोतं होतं. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "आजी, ह्या कचऱ्याचं वेगळं तिकीट पडंल." मी म्हणाले, "पाड की. आजपासून कचरा न्हाय त्यो, माल हाय."

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. बोटांच्या सालपटांवर खोबरेल लावतेय, ते बघून सुट्टीला आलेली प्राजू हसते, नारळानं सोललं आणि नारळच लावतेस म्हणते. बायांनी विचारलं, व्हय का न्हाय. मी व्हय म्हणाले, आणि पाण्याचंही सांगितलं, लपवलं नाही. विहिरीमागं खड्डा खणला. सात रस्त्याचा तो गाडेवाला टरफलांची पोती दुधनीच्या टेम्पोत टाकून देतो. वरच्या आळीतले एक अप्पा येऊन म्हणाले, "वास येतोय गावात." मी म्हणाले, "अप्पा, ह्यो वास तुमच्या आज्याच्या बैलांना चालत हुता की." गेले.

मनात काय राहिलं म्हणाल तर नदी नाही, देऊळ नाही. "वळलो कोणी?" हे शालनचं विचारणं राहिलं. खुरपताना, भाकरी थापताना कानात येतं.

बाळूचं मन अजून वळलेलं नाही. त्याचं दुखणं खरं आहे, म्हणून मी भांडत नाही. काल फोन आला. "करायचं तर कर. पण पाटीवर आडनाव लावू नको. आडनावावरनं लोक वळखत्यात."

"वळखू देत," मी म्हणाले. "त्यासाठीच पाटी लावत्यात."

त्यानं फोन ठेवला नाही, म्हणाला, "रंग हितनं आणू का? तितला टिकत न्हाय."

रंग आला. प्राजू लिहायला बसली, मी शेजारी. पाटी जुन्या पत्र्याची, लहान. नाव, आडनाव, आणि खाली 'काथ्याचे दोर व पायपुसणी मिळतील' एवढं सगळं बसेना. प्राजू म्हणाली, "आजी, काहीतरी बारीक करावं लागेल."

मग दोर आणि पायपुसणी बारीक केली.