पांढरी मुळं

लोक घरात पोपट पाळतात, आमच्या ह्यांनी जिवाणू पाळले. इथे आखातात, अल मनखूलच्या फ्लॅटची बाल्कनी ती केवढीशी, त्यात एक निळं पिंप. पिंपात पाणी, गूळ आणि मातीतले जिवाणू. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मरतात म्हणून पाणी आदल्या दिवशीच उघडं ठेवायचं, आणि रोज सकाळी ढवळायचं काम माझं. आंबूस वास पार किचनपर्यंत यायचा. "तुमचे हे पाहुणे भाडं कधी देणार?" असं मी विचारायची. हे हसायचे.

हसण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं. दोन हजार आठ सरत आलं होतं, मंदी आली होती. ह्यांच्या लँडस्केपिंग कंपनीतली निम्मी माणसं मायदेशी परतली होती. जबल अलीच्या बाजूला व्हिलांचं काम चालू होतं, तिथल्या पिटुनियांना मर लागली. बुरशी मुळं कुजवते आणि रोप उभ्या उभ्या मान टाकतं. महागडी औषधं आणायला कंपनी तयार नव्हती. हे मॅनेजरला म्हणाले, मुळाशी हे जिवाणू सोडू, ते बुरशीला पाय रोवू देत नाहीत. मॅनेजर म्हणाला, वाफे वाचले तर तुझा व्हिसा रिन्यू, इन्शाल्ला. झालं, मुलीची शाळा, घर, सगळं त्या वाफ्यांवर आलं.

आणि वाफे वाचले हो. ह्यांनी आम्हाला मुद्दाम नेऊन दाखवलं, जांभळी फुलं नुसती भरभरून आली होती. घरी आल्यावर पिंपासाठी आणलेल्या गुळातलाच गूळ घालून मी शिरा केला.

मग बिल्डरनंच काम बंद केलं. पाण्याचा टँकर यायचा थांबला. हे फोन करून करून थकले. आठवड्याभरात वाफे वाळून कोळ झाले. मॅनेजर एवढंच म्हणाला, "खलास." माझं डोकं असं तडकलं होतं, पण राग काढणार कुणावर?

त्या संध्याकाळी हे एक रोप उपटून घेऊन आले आणि पेपरवर ठेवलं. वर वाळकी काडी, खाली मुळं पांढरी, कुठे काळा डाग नाही.

"बघ," म्हणाले, "रोग नव्हता गं."

मुलगी वाकून बघत होती. "सो यू वन, बाबा?"

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मी ढवळायला गेले. ह्यांनी पिंप रिकामं करून, स्वच्छ धुऊन, उपडं घातलं होतं. हातात काठी घेऊन मी तिथेच बसले आणि रडले.