गोल आटले तेव्हा

बर्निस झालेव्स्कीने बावीस वर्षं हातमोजे शिवले. आमच्या गावातला शेवटचा मोज्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ती चाळिशीत होती. नवरा आदल्याच वर्षी गेलेला, मूलबाळ नाही. टेकडीवरच्या कॉलेजात तिला खेळाडूंचे कपडे धुवायचं काम मिळालं.

लॅक्रोस तिने तोवर धड बघितलाही नव्हता. काठीच्या टोकाला जाळी असते, तिच्यात चेंडू झेलायचा, पळवायचा आणि गोलात हाणायचा, एवढंच ठाऊक. पण एकदा सामन्याच्या तासभर आधी एका पोराची जाळी फाटली. लोंबणाऱ्या चामड्याच्या वाद्या पाहून तिची बोटं शिवशिवली. "आण इकडे," ती म्हणाली, आणि कपड्यांचं मशीन थांबायच्या आत जाळी विणून दिली. त्या पोराने त्या दिवशी चार गोल केले. झालं! दुसऱ्या दिवशी धुलाईखोलीच्या दाराशी रांग लागली.

पुढे ती ऑनोंडागा या मूळ अमेरिकी जमातीच्या वस्तीवर जाऊन आली. खेळ मुळात त्यांचा. तिथल्या काठ्या करणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिच्या जाळीच्या गाठी उलटसुलट करून पाहिल्या.

"मोजे शिवायचीस काय गं?" त्याने विचारलं.

"हो. कसं ओळखलंत?"

"मोजाच झालाय हा. सोड सगळं, पहिल्यापासून बस."

ती बसली. तीन रविवार बसली. तेव्हापासून एकोणीस वर्षं कॉलेजातली प्रत्येक काठी तिच्या हातून गेली. पोरं तिला 'मिस बर्नी' म्हणत, खोलीतल्या टेबलावर चढून बसत, तिची अर्धी काळी अर्धी पांढरी बिस्किटं फस्त करत आणि मैत्रिणींची गाऱ्हाणी सांगत. घरी गेल्यावर तिच्याशी बोलणारा फक्त रेडिओ होता, पण त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. दिवसभराचं बोलणं पोटात असायचं.

मग तो हंगाम आला. मार्चमधले पहिले दोन सामने जिंकले आणि नंतर गोल होईनात. बचाव चांगला, गोलरक्षक तर वाघ. पण हल्ल्याला काय झालं होतं कोणास ठाऊक. दहा-बारा गोल करणारी पोरं चारवर आली, मग तीनवर. चेंडू खांबाला लागे, गोलरक्षकाच्या छातीवर जाई, नाहीतर कुंपणात. कप्तान होता कोल्बी रिटर, आदल्या वर्षी सगळ्यात जास्त गोल करणारा. सगळे चेंडू त्याच्याकडे यायचे आणि तो हुकायचा.

हरणारा माणूस कारण शोधतो. कोणी मोजे बदलले, कोणी दाढी वाढवली. एकदा बर्निस कपडे वाळवायच्या मशीनमागे वाकली होती, तेव्हा बाहेरच्या बाकावरून आवाज आला.

"जाळीच बेकार आहे यार. चेंडू सुटतच नाही वेळेवर."

"म्हातारीला दिसत नाही आता. परवा सुईत दोरा ओवत होती, मी म्हटलं ख्रिसमसपर्यंत ओवेल."

हसले सगळे. त्या हसण्यात टेबलावर बसणारी दोघं होती, हे तिला आवाजावरून कळलं. मशीन थांबेपर्यंत ती तशीच वाकून राहिली.

दोन दिवसांनी प्रशिक्षक मार्केटी टोपी हातात घेऊन आला. भला माणूस, पण त्याचीही नोकरी टांगणीला लागलेली.

"बर्निस, राग मानू नकोस. या वेळी काठ्या सिरॅक्यूज शहरातल्या दुकानात पाठवतोय. सगळ्यांच्या एकसारख्या."

"पाठव की. मला काय?"

"हंगाम संपेपर्यंतच."

"म्हटलं ना, पाठव."

काठ्या गेल्या आणि त्यांच्यामागे पोरंही गेली. मळके कपडे आता दाराबाहेरच्या पेटीत पडत. कोणी आत येईना. बहुधा लाजत असावीत. पण लाज वाटो की कंटाळा येवो, खोली रिकामी ती रिकामीच. एक आठवडा तिने बिस्किटं आणली, ती शिळी झाली. मग आणणं सोडलं. मधल्या सुट्टीत ती दाराकडे तोंड करून बसायची, ती आता मशीनकडे तोंड करून बसू लागली.

सामन्याला मात्र जावंच लागे. शेवटच्या रेषेपलीकडे, गोलच्या मागे उभं राहून बाहेर गेलेले चेंडू बादलीत गोळा करणं हेही तिचंच काम. एप्रिलमध्येही बर्फ भुरभुरत होता. नव्या जाळ्यांनी पहिल्या सामन्यात चार गोल झाले, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बादली भरत गेली, तेवढंच.

एका गुरुवारी दुपारी कोल्बी आला. दारातच उभा राहिला, सहा फूट देह घेऊन.

"मिस बर्नी, माझी काठी परत विणून द्याल? पहिल्यासारखी?"

"प्रशिक्षकाला विचारलंस?"

"नाही."

"मग नाही." ती घड्या घालत राहिली. तो जाईना. शेवटी तीच म्हणाली, "जाळीत काही दोष नाही रे. माझ्याही जाळीत नव्हता आणि दुकानाच्याही नाही. मी गोलमागे उभी असते, तुझं तोंड मला समोर दिसतं. पूर्वी तू गोलरक्षकाच्या बाजूची मोकळी जागा बघायचास. आता त्यालाच बघतोस. जे बघशील तिथेच चेंडू जाणार."

कोल्बी टेबलाला टेकला.

"चेंडू माझ्याकडे येऊच नये असं वाटतं," तो म्हणाला. "सगळे माझ्याकडेच टाकतात. कोणाला सांगू? कप्तान आहे मी."

"मार्केटीला सांग."

"तो बाकावर बसवेल मला."

"बसवेल," बर्निस म्हणाली. "मग?"

तो गेला.

पण त्याने मार्केटीला सांगितलं. शेवटच्या सामन्यात मार्केटीने त्याला बाकावर बसवलं. कोणाकडे चेंडू टाकायचा हे पहिली काही मिनिटं कोणाला कळेना. मग पोरं एकमेकांकडे बघू लागली. नवखी मुलं मोकळ्या जागेत धावली. गोल सात झाले. समोरच्यांनी नऊ केले, म्हणजे हरलोच. हंगामात जिंकले तीन, हरले अकरा. पण सातव्या गोलाला कोल्बी बाकावरून उठून इतका ओरडला की त्याचा आवाज बसला.

बर्निसकडे कोणी आलं नाही. जाळी निर्दोष होती हे कळायला कोणी थांबलंच नव्हतं. बसेस निघाल्या, परीक्षा आल्या. मार्केटीने जाता जाता सांगितलं की दुकानाशी पुढच्या वर्षाचंही ठरलंय, "तुझाही त्रास वाचेल." ती बरं म्हणाली.

मे महिन्यात पदवीदान झालं. हिरवळीवर खुर्च्या, टोप्या, फुगे. बर्निस कडेकडेने चालली होती, तेवढ्यात कोल्बीने हाक मारली आणि तिला आईसमोर उभं केलं.

"आई, या मिस बर्नी. या आमच्या..." तो अडखळला. "माझी काठी यांनी विणली होती. तीन वर्षं."

"अरे वा!" आई हसली. हात मऊ होता, मोजा घातल्यासारखा. "आम्ही सगळे जेवायला निघालोय. तुम्हीही चला ना."

कोल्बीनेही 'चला' म्हणून मान डोलावली, मनापासून असावी. पण मागे आजी-आजोबा, काका, गाड्या खोळंबल्या होत्या.

"धुणं पडलंय हो," बर्निस म्हणाली. "नाहीतर आले असते."

धुणं नव्हतं. सगळे गणवेश आठवड्यापूर्वीच धुऊन, घड्या घालून खोक्यांत गेले होते. तरी बोलल्याप्रमाणे ती हिरवळ ओलांडून धुलाईखोलीत आली, दिवा लावला, आणि एक स्वच्छ टॉवेल उघडून पुन्हा घडी घालत बसली. बाहेर गाड्यांचे दरवाजे आपटत होते. सगळं शांत झाल्यावर तिने कोट चढवला आणि घरी जाऊन रेडिओ लावला.