आक्का आणि सक्तीचा रकाना

नवीन गिऱ्हाईक आलं की आक्का आधी त्याला चहा पाजायच्या आणि मग त्याच्याकडची सगळ्यात अडचणीची वस्तू दाखवायला सांगायच्या. शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले चकचकीत कॅटलॉग घेऊन आले, तर आक्का म्हणाल्या, “हे ऱ्हाऊ द्या. कशातच बसत न्हाय असं काय हाय ते दावा की.” मालकांनी ओशाळून मोबाइलवर एका सुट्या भागाचा फोटो दाखवला. त्याला नावच नव्हतं. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग दिलं, यांनी ओतून दिला. आक्का एकदम खूश.

शाहूपुरीत आमचं वेबसाइट करण्याचं छोटं ऑफिस आहे. साइट उभी राहिली की मजकूर गिऱ्हाईक स्वतः भरतं. त्यासाठी पानावर कोणते रकाने असावेत, हा साचा आक्का ठरवायच्या. वेळापत्रक आणि याद्या माझ्याकडे. मला सगळे रकाने भरलेले आवडतात, म्हणून त्या मला ‘यादीवाल्या मॅडम’ म्हणायच्या. सगळ्यांना एकच साचा देऊ म्हटलं की विचारायच्या, “इडलीपात्रात भाकरी हुतीय व्हय?” बरं, मग रकानेच नकोत, एक मोठी चौकट देऊ, लिहू दे काय ते, असं सुचवलं तर त्याहून चिडायच्या. “तिखटात हळद सांडल्यावर निवडत कोण बसणार? मिसळणाचा डबा करायचा. वाट्या निराळ्या, डबा एक. लागंल ती वाटी भरा, न लागंल ती काढून ठेवा.”

गेल्या वर्षी चटण्या-मसाले करणाऱ्या बायकांच्या एका गटाची साइट आली. प्रत्येकीला स्वतःचं पान. ज्या पानावरून ऑर्डर येईल, ती त्या बाईची. आक्का तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी बेळगावला होत्या. गटाच्या अध्यक्षबाईंनी सांगितला तसा साचा मीच केला: नाव, गाव, पतीचं नाव, फोटो, पदार्थ. सगळं सक्तीचं. एक रकाना राहिला तरी पान सेव्ह होत नसे.

बायका पानं भरायला ऑफिसात आल्या, तोवर आक्का परतल्या होत्या. नेसरीच्या कल्पनाताई तिसऱ्या रकान्यावर थांबल्या. नवऱ्याला सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. माझं पान राहू दे, माझी चटणी गटाच्या नावावर विका, असं त्यांनी हळूच सांगितलं आणि पिशवी उचलली. चटणी खपली असती. पण ती आवडून पुन्हा मागणारं गिऱ्हाईक त्यांना कधी मिळालं नसतं.

“बसा ओ पावणं,” आक्कांनी खुर्चीतूनच हाक दिली.

अध्यक्षबाईंचं म्हणणं, बाकीच्यांनी सगळ्यांनी दिलंय, मग एकीसाठी बदल कशाला? मला ते पटत होतं. आक्का म्हणाल्या, “गिऱ्हाईक चटणी न्हेणार हाय, नवरा न्हवं.”

सगळ्या हसल्या, अध्यक्षबाईसुद्धा. हसू ओसरायच्या आत आक्कांनी तो रकाना सगळ्यांच्याच साच्यातून उडवला आणि नवा घातला: ‘कुणाकडून शिकलात?’ सक्ती नाही, नावं कितीही घाला. बायकांना वाचाच फुटली. कुणी आत्याचं नाव घातलं, कुणी शेजारणीचं. एकीने ‘आपली आपण शिकले’ असं ठणकावून लिहिलं.

कल्पनाताई पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. शेवटी त्यांनी एक नाव सांगितलं. आक्का टाइप करू लागल्या, तशी अध्यक्षबाईंनी मान वर केली.

“अगं, ही तर तुझी सासू.”

“व्हय,” कल्पनाताई म्हणाल्या. “नवरा सोडला. त्यास्नी न्हाय.”

पान सेव्ह झालं.

यंदा आक्का काम सोडून कायमच्या मुलीकडे गेल्या. साचे आता मी करते. एखादा रकाना सक्तीचा करण्याआधी विचारून घेते, की यापाशी अडून कोण उठून जाईल? उत्तर मिळायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी आता वेळापत्रकातच धरते.