फळ्यावरचा जावई

"पाणी घातलंय का वो मावशी?" डेअरीच्या सेक्रेटरीनं मशीनकडं बघत विचारलं आणि रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. शिराळ्याजवळच्या त्यांच्या गावात दुधात खोट सापडली की त्या माणसाचं नाव आठवडाभर डेअरीच्या फळ्यावर राहतं. सासूबाईंचं नाव तिथं कधी लागलं नव्हतं. आज मात्र फॅट निम्मीच लागली होती. सेक्रेटरीनं खडू उचलला. सासूबाईंनी किटलीची कडी घट्ट धरली.

त्यांचं डेअरीचं कार्ड घेऊन मी मागं उभा. साताऱ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा, दोन दिवसांचा पाहुणा. गप्प बसायला काय झालं होतं मला?

"थांबा," मी म्हणालो. "काल मशीन बिघडलं म्हणून हे दूध रात्रभर फ्रीजमध्ये होतं. चरबीच्या रेणूला तीन लांब शेपट्या असतात, त्यांना पाणी अजिबात खपत नाही. म्हणून ती दुधात बारीक थेंबांनी राहते. प्रत्येक थेंबाभोवती पातळ पदर असतो, त्यातल्या रेणूंची डोकी पाण्याकडं, शेपट्या आत. आपल्या पेशींची कुंपणंसुद्धा असल्याच रेणूंची..."

"मास्तर, क्लास लावलाय व्हय?" मागून एकजण ओरडला. "माझी म्हस खोळंबलीया."

"थेंब हलके, ते वर येतात," मी रेटलंच. "खालचं दूध पातळ दिसतं. पाणी असेल तर डिग्री, म्हणजे दुधाची घनता, घटेल. बघा मोजून!"

सेक्रेटरीनं डिग्रीची काचेची नळी दुधात सोडली. ती डुचमळली, थांबली. वरच राहिली.

"पाणी न्हाई," तो म्हणाला. मी रांगेकडं विजयी नजर फिरवली. "डिग्री वाढलीया. म्हंजे वरची मलई काढून दूध घातलंय. ह्ये पण फळ्यावर जातं, मावशी."

"माझ्या घरात मलईला कोण हात लावंल?" सासूबाई म्हणाल्या. "मी न् म्हस, दोघीच."

सकाळी त्या गोठ्यात असताना भाकरीवर मलईच्या चार पळ्या मीच ओढल्या होत्या. खडूनं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. मग सेक्रेटरीनं माझ्याकडं हात पुढं केला.

"कार्ड द्या."

मी दिलं. नंबर दिसेना म्हणून त्यानं ते उजेडात धरलं. कोपऱ्यात माझा अंगठा उमटलेला, आरपार उजेड दाखवणारा. दरवर्षी अकरावीला मी हेच शिकवतो: कागदावर असा डाग पडला आणि वाळूनही गेला नाही, तर पदार्थ स्निग्ध.

"मीच खाल्ली," मी म्हणालो.

सासूबाईंनी कडी सोडली.

"आवं जावईबापू, मागितलं असतं तर तूप वाढलं असतं की!" आणि सेक्रेटरीला, "पुस ते. ह्यांचं लिव्ह."

त्यानं अक्षर पुसलं आणि ठळक लिहिलं: जावई, मलई.

मी दोन दिवसांनी साताऱ्याला परतलो. फळ्यावरचा माझा मुक्काम आणखी पाच दिवस होता.